'सैराट'चा शेवट इतका सुन्न का करतो?

(ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी सिनेमा पाहावा. पुढे शेवट उघड केला आहे.)

'झिंगाट'वर थिएटरमध्ये नाचणारे प्रेक्षक शेवटी गपचूप बाहेर पडायचे. २०१६ मध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची ही किमया बरीचशी आवाजाची आहे. अजय-अतुल यांची चारही गाणी आर्ची-परश्या गावात असतानाच येतात. हैदराबादला पळून गेल्यावर गाणी संपतात. उरतात झोपडी, संशय आणि भांडणं. मग हळूहळू संसार सावरतो, बाळ होतं. आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात, तेव्हा प्रेक्षकही जरा निर्धास्त होतो. खून पडद्यावर घडताना दिसतच नाही. शेजारणीबरोबर घरी परतलेलं बाळ रडत बाहेर निघतं. संगीताचा एक सूरही नसतो, आणि जमिनीवर त्याची रक्ताळलेली इवली पावलं उमटत जातात.