उत्तराचा ताळा

दहावीच्या बीजगणिताचा पेपर देऊन मुलें वडनेर भोलजीस परतलीं, तीं वाद घालीतच. प्रश्न असा: आयताकृति शेताची लांबी रुंदीहून ७ मीटर अधिक, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, तर रुंदी किती? एक म्हणे ५. दुसरा म्हणे ५ आणि −१२. दुसऱ्याच्या बाजूस आवाज अधिक. पहिल्याचा चेहरा उतरला. तो जेवावयास उठेना, आणि भूमितीचा पेपर तर पुढेंच होता.

आम्हीं ताळा पाहावयास सांगितलें. क्ष² + ७क्ष = ६० या समीकरणास दोन्ही मूल्यें पटतात; परंतु शेताची रुंदी ऋण कशी असेल? शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धान्तशिरोमणीच्या बीजगणितभागांत भास्कराचार्यांनींही एका उदाहरणाचें दुसरें उत्तर, ऋण संख्या लोकांस मान्य होत नाहीं म्हणून, त्याज्य ठरविलें आहे. हें ऐकून पहिला पानावर बसला.

तत्त्वनिर्णयासाठीं होतो तो वाद, केवळ जयासाठीं होतो तो जल्प, असा भेद न्यायशास्त्र करितें. वाद मुलांस खुशाल करूं द्यावा. मंडळाच्या परीक्षेंत पायऱ्यांसही गुण असतात. एका चुकीनें सर्व बुडत नाहीं. वडील मंडळींनीं ‘किती मिळतील?’ असें न विचारतां ‘ताळा पाहिलास का?’ एवढेंच विचारावें, आणि आधीं मुलास जेवूं घालावें.