कुंकळ्ळीची दोन मुले

मराठीत 'संत' हे पद लोकमुखातून सिद्ध होते. मुक्ताईला संत म्हणावे की नाही, याचा निर्णय कोणत्याही सभेने दिला नाही. तिचे वयही कोणी मोजले नाही. रोमन कॅथलिक पंथात मात्र संतपद म्हणजे साक्षीपुराव्यांनिशी झालेल्या दीर्घ चौकशीचा निकाल होय. सुरतेजवळच्या कडोदऱ्यात मराठी मुलांना शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, ख्रिस्ती लोकांत लहान मुलेही संत होतात का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही गोमंतकातील कुंकळ्ळीपर्यंत जाऊन पोहोचलो.

साष्टी प्रांतातील या गावी २५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट धर्मोपदेशक मारले गेले. त्यांचे प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा हे काही महिन्यांपूर्वीपर्यंत अकबर बादशहाच्या दरबारी होते. क्रूस उभारावा आणि चर्चसाठी जागा निवडावी, या हेतूने ही मंडळी ओर्लीहून निघाली होती. गावची देवळे आधीच्या स्वाऱ्यांत पाडली गेली होती. गावकऱ्यांचा संताप समजण्याजोगा होता. त्या दिवशी पाच उपदेशकांबरोबर पंधरा सामान्य ख्रिस्तीही प्राणांस मुकले. त्यांत दोन मुले होती.

डोमिंगो हा कुंकळ्ळीचाच; राशोलच्या विद्यालयात शिकणारा. उपदेशकांबरोबर गावोगाव हिंडून देवळे कोठे आहेत हे तो दाखवी. त्याला त्याच्या सख्ख्या चुलत्याने मारले, असे जेझुइट वृत्तान्त सांगतात. दुसरा आल्फोन्सो, पाद्री पाशेकोंचा वेदीसेवक. त्यांची प्रार्थनापोथी त्याच्या हाती होती, ती त्याने सोडली नाही. त्याचे हात तोडले, पळून जाऊ नये म्हणून गुडघेही छेदले. रात्रभर तो तसाच जिवंत राहिला आणि दुसऱ्या दिवशी मारला गेला. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये त्याला पुरले.

१५८५ साली गोव्यात भरलेल्या प्रांतिक धर्मपरिषदेतील धर्माध्यक्षांनी या सामान्य ख्रिस्त्यांनाही हुतात्म्यांचा मान योग्य ठरविला. परंतु १६०० साली रीतसर चौकशी सुरू झाली, तेव्हा प्रकरणात नावे राहिली ती पाच उपदेशकांचीच. १७४१ मध्ये पोप चौदावे बेनेदिक्त यांनी त्यांचे हौतात्म्य सिद्ध मानले आणि १६ एप्रिल १८९३ रोजी तेराव्या लिओंनी त्यांना 'धन्यवादित' म्हणून घोषित केले. धन्यवादित हे संतपदाच्या अलीकडचे पद. मुले बाहेरच राहिली. ज्याचे नाव प्रकरणात नाही त्याच्याविषयी निकालही नाही, एवढा हा साधा कायदा आहे.

यास वय हे कारण नव्हे. बालकाला असाधारण सद्गुणांची पुरेशी जाण असते काय, हा वाद रोममध्ये होता खरा. १९३७ नंतर अशी प्रकरणे घेणे थांबले आणि १९८१ मध्ये ती वाट पुन्हा मोकळी झाली. त्यामुळेच फातिमाची फ्रान्सिस्को व जसिंता ही भावंडे १३ मे २०१७ रोजी संत झाली. पण हा वाद हुतात्म्यांना लागू नव्हता. श्रद्धेसाठी प्राण दिला, एवढे तेथे पुरते. मेक्सिकोतील त्लाश्काला येथील तीन मुलांना १५ ऑक्टोबर २०१७ रोजी संतपद मिळाले. त्यांतील क्रिस्तोबालला १५२७ मध्ये खुद्द पित्याने मारले. दुसरी दोघे १५२९ मध्ये मूर्ती गोळा करताना मारली गेली. डोमिंगोच्या कथेशी हे साम्य विलक्षण आहे.

आम्हांस येथे थांबावेसे वाटते. शाळकरी वयाच्या मुलाने आपल्याच गावच्या देवळांची वाट दाखवावी, हे काम त्याला देणारे कोण होते? मुलाच्या निष्ठेविषयी आमच्या मनात शंका नाही. मोठ्यांच्या शहाणपणाविषयी आहे. पुढे गावच्या सोळा प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून पोर्तुगीजांनी पंधरा जणांना ठार केले, एक नदीत उडी घेऊन वाचला, असे सांगतात. त्यांचे स्मारक २००३ मध्ये कुंकळ्ळीत उभे राहिले. डोमिंगोचा चुलता कोणत्या यादीत बसतो, हे कोण ठरविणार?

कुंकळ्ळीची शांतादुर्गा पुढे फातर्प्यास गेली. आजही छत्रोत्सवात ती वाजतगाजत आपल्या जुन्या गावी येते, तेव्हा छत्र्यांच्या त्या मिरवणुकीत त्याच बारा कुळांतील हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही चालतात.