धुराला वजनकाटा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात शिरलं की पहिली गाठ पडते ती वजनकाट्याशी. भंगाराचा ट्रक भरलेला काट्यावर चढतो, रिकामा होऊन पुन्हा चढतो आणि दोन आकड्यांतल्या फरकाची पावती फाटते. आत वीज युनिटवर मोजली जाते, बिलेट म्हणजे ओतलेले लोखंडी ठोकळे टनावर, मजुरी पाळीवर. तयार सळई बाहेर पडताना पुन्हा काट्यावरून जाते. हिशोबात थोडा फरक पडला तरी मुनीम विचारायला येतो. एकच गोष्ट या फाटकातून न तोलता, पावतीविना बाहेर जाते, ती म्हणजे धूर.

प्रदूषणाचं अर्थशास्त्र समजून घ्यायला हे फाटक पुरेसं आहे. पण आधी धूर येतो कुठून, ते पाहू.

इंडक्शन भट्टी म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यात बसवलेलं मोठं भांडं. वेटोळ्यातून वीज फिरते, भांड्यातलं लोखंड आतूनच तापतं आणि सोळाशे अंशांच्या आसपास त्याचा रस होतो. कोळसा लागत नाही, म्हणून कागदावर ही भट्टी स्वच्छ दिसते. गडबड असते भंगारात. रंगवलेले पत्रे, ग्रीस माखलेले सुटे भाग, जस्ताचा मुलामा दिलेल्या चादरी असं सगळं क्रेनच्या चुंबकाला चिकटून येतं आणि रसात पडतं. पडताक्षणी तेल पेट घेतं, रंग जळतो. जस्ताची वाफ होते आणि हवा लागताच तिची पांढरी भुकटी बनते. लोखंडाचा स्वतःचा तपकिरी धूर त्यात मिसळतो. तो ओढून घ्यायला भट्टीवर हूड असतो, त्यामागे मोठा पंखा आणि त्यामागे बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची रांग. पण वरून भंगार टाकायचं तर साधा हूड बाजूला सरकवावा लागतो. म्हणजे धूर सर्वांत जास्त उठतो, नेमका तेव्हाच हूड भट्टीच्या तोंडावर नसतो. तो धूर चिमणीकडे जातच नाही. छपराच्या फटींतून निघून वाऱ्याच्या दिशेला जे गाव असेल तिकडे जातो. बाजूने ओढणारे आणि भट्टीसोबत फिरणारे हूड मिळतात, पण ते महाग असतात. ज्या रोलिंग मिल बिलेट पुन्हा तापवण्यासाठी कोळसा जाळतात, त्यांचा काळा धूर वेगळाच.

कारखानदाराला फिल्टरचा हा पंखा खर्चात पडतो. तो वीज खातो, पिशव्या चोंदतात, फाटतात, बदलाव्या लागतात. सळईचा भाव मात्र बाजार ठरवतो, आणि रात्रभर फिल्टर चालवून केलेली सळई व पंखा बंद ठेवून केलेली सळई एकाच भावाने विकली जाते. जो प्रामाणिकपणे पंखा चालवतो त्याचा टनामागचा खर्च शेजाऱ्यापेक्षा जास्त, म्हणजे प्रामाणिकपणाचा दंड तोच भरतो. उरलेला खर्च पैशात कुठेच दिसत नाही. तो दम्याच्या पंपात असतो, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर बसलेल्या काळपट थरात असतो, कपाशीच्या पानावरच्या भुकटीत असतो. व्यवहार झाला सळई विकणारा आणि घर बांधणारा यांच्यात. त्याचा एक हप्ता भरतो तो तिसराच, ज्याने ना सळई विकली ना घेतली. अर्थशास्त्रात याला बाह्यता म्हणतात.

ही कल्पना नीट मांडली केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी, 1920 च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या पुस्तकात. त्यांच्या उदाहरणांपैकी एक होतं रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी जळणाऱ्या आसपासच्या झाडीचं. त्यांचा उपाय सरळ होता: नुकसान करणाऱ्या प्रत्येक एककावर नुकसानीइतका कर लावा, मग मालक स्वतःच हिशोब करील. 1960 मध्ये रोनाल्ड कोस यांनी तेच ठिणग्यांचं उदाहरण घेऊन वेगळी वाट दाखवली. हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला काही खर्च येत नसेल, तर दोन्ही बाजू आपसात तडजोड करतील, सरकारी कराची गरजच पडणार नाही. त्यांना 1991 मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या युक्तिवादातला ‘खर्च येत नसेल’ हा भाग लोक विसरतात. औद्योगिक वसाहतीलगतच्या शेतकऱ्याने कोणाशी बोलणी करायची? चिमण्या अनेक, वारा रोज बदलणारा, नुकसान हजारोंचं आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडं. कोणाच्या धुराने कोणाचं पान काळवंडलं, हेच सिद्ध होत नाही. तेव्हा जालन्यात तडजोडीची वाट जवळपास बंद आहे आणि सरकारला मध्ये पडावं लागतं. कसं पडावं, हा खरा प्रश्न.

आपल्याकडची मुख्य रीत आहे मर्यादा आणि परवाना. हवा कायदा 1981 चा. या कायद्याखाली कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि तिच्यात चिमणीतून एका घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम धूलिकण चालतील हे लिहिलेलं असतं. तपासणीची पद्धत अशी: माणूस चिमणीच्या मचाणावर चढतो, भोकातून नळी आत घालतो, ठरावीक वेळ हवा ओढून आधी तोललेल्या गाळणीवर धूळ गोळा करतो आणि गाळणी पुन्हा तोलतो. काटा इथे आहे, नाही असं नाही. पण तो वर्षातून मोजक्या वेळा, बहुधा दिवसाउजेडी, चिमणीपुरता लागतो. शिवाय तो धुराचं प्रमाण मोजतो, एकूण वजन नाही. चिमणीत जास्तीची हवा मिसळली की प्रमाण घटतं, धूळ तेवढीच राहते. आणि छपरातून निसटलेला धूर या गाळणीवर कधीच येत नाही.

मर्यादा ओलांडली तर काय? पूर्वी कायद्यात तुरुंगाची शिक्षा होती. जनविश्वास कायद्याने 2023 मध्ये ती बहुतांश काढली आणि 10 हजारांपासून 15 लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला; एप्रिल 2024 पासून तो लागू आहे. मला हा बदल वाईट वाटत नाही. तुरुंगाची धमकी इतकी जड होती की ती सहसा वापरलीच जात नव्हती. याशिवाय ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केलं, 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही ते आलं, आणि भरपाई मोजायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक सूत्र केलं. ते जालन्याला लावून पाहण्यासारखं आहे.

सूत्रात पाच आकड्यांचा गुणाकार आहे. पहिला उद्योगाच्या प्रदूषण-गटाचा: सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या लाल गटाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. दुसरा उल्लंघनाच्या दिवसांचा. तिसरा रुपयांचा, साधारण 250. चौथा कारखान्याच्या आकाराचा: लहान 0.5, मध्यम 1, मोठा 1.5. पाचवा वस्तीचा: दहा लाखांखालच्या गावाला 1, आणि मोठ्या महानगराला वाढत वाढत 2. इंडक्शन भट्टी 2016 च्या वर्गीकरणात लाल गटात होती. जालना शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत तीन लाखांच्या आत, म्हणजे पाचवा आकडा 1. मोठ्या कारखान्याचा दिवसाचा हिशोब: 80 गुणिले 250 गुणिले 1.5, म्हणजे 30 हजार रुपये. लहान असेल तर 10 हजार.

या गुणाकारात किलो कुठे आहे? नाहीच. त्या रात्री दहा किलो धूळ उडाली की हजार किलो, याने आकडा बदलत नाही.

आता मालकाच्या खुर्चीत बसून हिशोब करा. समजा फिल्टरचा पंखा 100 किलोवॅटचा आहे, रात्री दहा तास चालतो आणि वीज युनिटला 7 रुपयांनी पडते. पंखा बंद ठेवला की रात्रीचे 7 हजार रुपये वाचतात, हे नक्की. सापडलो तर त्या दिवसाचे 30 हजार जातील, हे शक्य. साधारण चारांतल्या एका रात्रीपेक्षा कमी वेळा सापडण्याची भीती असेल, तर हिशोब पंखा बंद करायला सांगतो. चारांतल्या एका रात्री कोणता अधिकारी येणार?

उद्योग किमतीकडे पाहत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. महावितरणच्या दरपत्रकात अनेक वर्षं रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती. जिथे वीज हाच वितळवण्याचा मुख्य खर्च, तिथे दीड रुपयासाठी भट्टी रात्रीकडे सरकते. हिवाळ्यात रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जात नाही. म्हणजे एका खात्याच्या दराने भट्ट्या अशा वेळेकडे ढकलल्या, ज्या वेळी धूर सर्वांत जास्त नाकाशी येतो. मुद्दाम कोणी केलं नाही. दर ठरवणाऱ्याच्या कागदावर धुराचा रकानाच नव्हता. 2016 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना राज्याने दिलेल्या वीजदर सवलतीतही तो नव्हता.

पिगू यांच्या कराच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे कोळशावरचा उपकर. 2010 मध्ये टनाला 50 रुपयांनी सुरू झाला, 2016 पर्यंत 400 झाला, पुढे जीएसटीत विरघळला आणि सप्टेंबर 2025 मध्ये संपला. तोही कोळशाच्या टनावर होता, धुराच्या किलोवर नाही. फिल्टर लावणारा आणि न लावणारा दोघेही सारखाच भरत.

किलोवर किंमत लावण्याचा खरा प्रयोग झाला शेजारच्या गुजरातेत, सुरतमध्ये, 2019 साली. कोळसा जाळणाऱ्या, मुख्यतः कापड उद्योगातल्या तीनशेहून अधिक कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवली गेली. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्या कारखान्यांना बाजारात घेतलं आणि बाकीच्यांना जुन्याच नियमांखाली ठेवलं. बाजारातल्या सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची एकूण मर्यादा ठरली, तेवढ्या किलोंचे परवाने वाटले गेले आणि त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. किलोचा भाव 5 रुपयांच्या खाली आणि 100 रुपयांच्या वर जाणार नाही, अशी सोय होती.

खरेदी-विक्रीने फायदा काय, हे छोट्या उदाहरणातून पाहू. समजा नव्या कारखान्याला आणखी एक किलो धूळ पकडायला 15 रुपये लागतात आणि जुन्याला 70. दोघांनी 100-100 किलो कमी करा असा हुकूम काढला तर एकूण खर्च 8,500. तेच 200 किलो एकट्या नव्याने कमी केले तर 3,000. जुना कारखाना 15 ते 70 च्या मधल्या कुठल्याही भावाने परवाने विकत घेईल आणि दोघेही खुशीत राहतील. धूळ तेवढीच घटली, पैसे साडेपाच हजारांनी वाचले. सुरतच्या अभ्यासात बाजारातल्या कारखान्यांची धूळ बाकीच्यांपेक्षा 20 ते 30 टक्क्यांनी कमी निघाली.

मग जालन्यात हेच उचलून लावावं का? मला शंका आहे. सुरतच्या बॉयलरचा सगळा धूर चिमणीतून जातो, म्हणून चिमणीवरचा काटा पुरतो. जालन्याच्या भट्टीचा मोठा वाटा छपरातून जातो. इथे चिमणीवर यंत्र बसवून किलोला भाव लावला, तर सर्वांत स्वस्त उपाय ठरेल हूड बाजूला सरकवून धूर छपराकडे सोडणं. यंत्रावर आकडा कमी, हवेत धूळ जास्त. दुसरी अडचण जागेची. परवान्याला गाव कळत नाही. गावाला खेटून असलेल्या जुन्या कारखान्याने ते विकत घेत राहायचं ठरवलं, तर शहराची सरासरी सुधारेल आणि त्या गावाची हवा तशीच राहील.

तेव्हा इथे क्रम उलटा हवा. आधी साधा, कडक नियम: भट्टीसोबत फिरणारा किंवा बाजूने ओढणारा हूड, ज्याला भंगार टाकताना हटावं लागत नाही. बाजाराची हुशारी त्यानंतर. आणि तोवर एक स्वस्त काटा हाताशी आहेच: फिल्टरच्या पंख्याला वेगळं वीजमीटर. भट्टीच्या मीटरशी त्याचा तासागणिक मेळ घाला आणि वीजदरातली सवलत फक्त त्या तासांची द्या, ज्या तासांत भट्टीबरोबर पंखाही चालला. मघाच्या हिशोबातले 7 हजार मग वाचत नाहीत, कारण पंखा बंद केला की त्या तासांची भट्टीची सवलतही जाते, आणि भट्टी पंख्याच्या कितीतरी पट वीज खाते. कोणी पंखा चालू ठेवून पिशव्याच काढून टाकील. त्यासाठी पिशव्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक नोंदवणारं साधं उपकरण लागेल. पिशवी नसली की फरक जवळपास शून्यावर येतो.

अडचण यंत्राची नाही, फायलींची आहे. सवलत ऊर्जा खात्याची, फिल्टर प्रदूषण मंडळाचा. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जालन्याचं नाव हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, पण त्याचा पैसा जातो महापालिकेकडे, आणि देशभर या पैशाचा मोठा भाग रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला आहे. भट्टीचं मीटर वाचणारा आणि चिमणीवर चढणारा यांच्या नोंदी एका कागदावर आणायला नवा कायदा लागत नाही. सवलतीच्या शासन निर्णयात एक अट वाढवावी लागते.