पडद्यावरचा वर्ग आणि कारखान्याची पाळी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचा हुकूम निघाला आणि निगडी-आकुर्डीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून चाकणपर्यंत सर्वत्र अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ते स्वीकारले की निमूटपणे सोसले, हे विचारण्याची सवड कोणालाच नव्हती. २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रातील महाविद्यालये पुन्हा उघडू लागली आणि सक्ती उठल्यावरही असा वर्ग कोणाला हवासा वाटतो, हा खरा प्रश्न तेव्हा पुढे आला.

नवे तंत्र माणूस का पत्करतो, याची मीमांसा फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकाने १९८९ सालीच केली होती: ते आपल्या उपयोगी पडेल आणि विनासायास हाताळता येईल, या दोन समजुतींवर स्वीकार अवलंबून असतो. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्यात डेव्हिसही होते, भोवतालच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेली साधने यांचीही त्यात भर घातली.

निगडी ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात ही चारही कारणे एकाच खोलीत नांदताना दिसतात. म्हाळुंगे किंवा कुरुळी येथील दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत फर्स्ट शिफ्ट करून आलेला विद्यार्थी पाण्याच्या पिंपाला मोबाइल टेकवून वर्गाला बसतो, आणि रात्रपाळीचा सोबती शेजारीच झोपलेला असल्यामुळे शंका मनात असूनही माइक बंदच ठेवतो, "आवाज येतोय का?" या प्रश्नाला त्याचे "येस सर" केवळ चॅटमध्ये उमटते. कॅमेरा चालू ठेवावा, तर दिवसाचा दीड जीबी डेटा संध्याकाळपूर्वीच संपण्याची धास्ती. तरीही पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणची वाहतूककोंडी टळते आणि पाळी सांभाळून पदवी पदरात पडते, म्हणून इतक्या अडचणी सोसूनही त्याला तो वर्ग हवा असतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची ही निकड जुनीच; नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, तेही अशांना डोळ्यांसमोर ठेवूनच.

याउलट महाविद्यालयालगतच्या वसतिगृहात राहणाऱ्या, यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थिनीला त्याच वर्गाचा कंटाळा येतो, आणि तोही रास्तच आहे. कारण लेथवर कापाची खोली किती घ्यावी, हे सूत्रावरून कळले तरी हाताला उमगते ते कार्यशाळेतच.

तेव्हा पडद्यावर नोंदलेली हजेरी म्हणजे विद्यार्थ्यांची पसंती, असा सोयीचा निष्कर्ष महाविद्यालयांच्या दफ्तरांनी काढू नये. तात्त्विक विषयांचे वर्ग संध्याकाळी थेट घ्यावेत, पाळी बदललेल्यांसाठी त्यांचे चित्रमुद्रण उपलब्ध ठेवावे, शंका लिहून विचारण्याची मुभा द्यावी आणि प्रात्यक्षिके मात्र कार्यशाळेतच व्हावीत. आणि हे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्यांची पाळी कोणती, एवढे तरी अवश्य विचारावे.