तूट कुणाच्या नावावर?

गावातल्या पोस्टमास्तरला लोक सरकारी नोकर समजतात. तो पुरता तसा नसतो. नेर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात शाखा डाकघर चालवणारा माणूस म्हणजे ग्रामीण डाकसेवक. दिवसाला चार किंवा पाच तास काम आणि त्याबद्दल पगार नाही, भत्ता. 2018 च्या मे-जूनमधल्या देशव्यापी संपानंतर हा भत्ता चार तासांना 12,000 आणि पाच तासांना 14,500 रुपयांपासून ठरला. पोस्टासाठी जागा त्यानंच पाहायची. पोट भरायचं दुसरं साधन हवं, ही तर नेमणुकीची अटच. म्हणजे सकाळी वावर, मग पोस्ट.

दिवस संपला की त्याला हिशेब जुळवावा लागतो. बचत खात्यातले भरणे, सुकन्या योजनेचे पैसे, ग्रामीण डाक जीवन विम्याचे हप्ते, मनिऑर्डरी, सगळं यंत्रात नोंदलेलं असतं. 2017 च्या शेवटी ‘दर्पण’ प्रकल्प सुरू झाला आणि खेड्यातल्या पोस्टांत हातात मावणारी यंत्रं आली. त्याआधी हे सारं वहीत होतं. 2018 पासून पोस्ट पेमेंट्स बँकेचंही काम त्याच माणसाकडे आलं. डाक विभाग हे सरकारी खातं आहे, पण ही बँक म्हणजे शंभर टक्के सरकारी मालकीची कंपनी. खेड्यात मात्र दोन्हींचं तोंड एकच.

आता समजा, यंत्र म्हणतं 18,400 हवेत आणि पेटीत 14,400 आहेत. पहिला नियम सोपा आहे: तूट भरायची. चूक कुणाची ते नंतर. रक्कम मोठी असली, संशय आला, की डाकसेवकाला कामावरून दूर ठेवतात. पोस्टाच्या भाषेत ‘पुट ऑफ ड्यूटी’. त्या काळात हातात भत्त्याचा साधारण चौथा हिस्सा पडतो. मग आरोपपत्र, चौकशी, निर्णय. तपासणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा देणारा, तिघंही एकाच खात्याचे. त्यावरचं अपीलही खात्यातच.

बाहेरचं दार एक आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं राजम्मा खटल्यात सांगितलं की हे डाकसेवक ‘नागरी पद’ धारण करतात, ऐकून न घेता त्यांना काढता येणार नाही. म्हणून आज त्यांचा वाद केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. नेरच्या माणसाला त्यासाठी मुंबई खंडपीठाच्या नागपुरातल्या फिरत्या बैठकीची वाट पाहावी लागते. मधे कुणी मध्यस्थ नाही. डाक अदालत भरते, पण ती ग्राहकांच्या तक्रारींसाठी.

मध्यस्थ असता तर? हा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला आहे, आणि फसला कसा ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

तिकडे पोस्ट ऑफिस ही सरकारी मालकीची कंपनी. शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर स्वतंत्र कंत्राटावर, बरेचसे आपल्या दुकानातच पोस्ट चालवणारे. 1999 पासून फुजित्सूची ‘होरायझन’ संगणक प्रणाली आली आणि पेटीत नसलेल्या तुटी पडद्यावर दिसू लागल्या. कंत्राटानुसार तूट शाखाचालकाच्या माथी. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. त्यांतले सुमारे 700 खटले तर पोस्ट ऑफिसनं स्वतःच चालवले होते.

2013 च्या ऑगस्टमध्ये खासदारांच्या दबावाखाली मध्यस्थी योजना सुरू झाली. रचना कागदावर छान होती. शाखाचालकानं अर्ज करायचा, पोस्ट ऑफिसनं स्वतःचा तपास अहवाल द्यायचा, मग ‘सेकंड साइट’ या बाहेरच्या हिशेब तपासनिसांनी दोन्ही बाजू पाहून मत द्यायचं, आणि एका कार्यगटानं प्रकरण मध्यस्थाकडे पाठवायचं की नाही ते ठरवायचं. कार्यगटाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती सर अँथनी हूपर. सुमारे दीडशे अर्ज आले.

बिघडलं कुठे? मध्यस्थ माणसं वाईट नव्हती. पण तपासनिसांना लागणारी जुनी खटल्यांची कागदपत्रं पोस्ट ऑफिसच्या कपाटात होती आणि ती पूर्ण मिळाली नाहीत. तपासनिसांचा मेहनतानाही पोस्ट ऑफिसच देत होतं. ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला होता, त्यांच्याशी बोलणी करायला कंपनी तयार नव्हती. म्हणजे सर्वांत जास्त भरडलेलेच दाराबाहेर. आणि मार्च 2015 मध्ये कंपनीनं कार्यगट बंद केला, तपासनिसांचं कंत्राटही संपवलं. वादातल्या एका पक्षानं पंचायतच गुंडाळली!

सरकार कुठे होतं? मालक म्हणून संचालक मंडळावर त्याचा प्रतिनिधी बसत होता. मंत्र्यांचं उत्तर मात्र ठरलेलं: हा कंपनीच्या दैनंदिन कामाचा भाग, आम्ही त्यात पडत नाही. मला यात खरा दोष दिसतो. मालक असलेल्या सरकारनं मध्यस्थाच्या डोक्यावर बसू नये हे मान्य. पण कागद मिळतात का आणि योजना अर्ध्यावर कोण बंद करतं, एवढं तरी पाहायला हवं होतं.

मग अ‍ॅलन बेट्स या शाखाचालकासह 555 जण कोर्टात गेले. डिसेंबर 2019 मध्ये 5 कोटी 77 लाख 50 हजार पौंडांवर तडजोड झाली, त्यातले बहुतेक खटल्याच्या खर्चातच गेले. त्याच महिन्यात न्यायालयानं होरायझनमधले दोष मान्य केले. 2024 मध्ये संसदेनं कायदा करूनच शिक्षा रद्द केल्या.

आपल्याकडे 2023 चा मध्यस्थी कायदा आहे. त्यातल्या तरतुदीनुसार 120 दिवसांत, फार तर आणखी 60 दिवसांत, मध्यस्थी संपवायची. जुळलेला करार कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. पण सरकार किंवा सरकारी संस्था पक्षकार असेल तर हा कायदा मुळात व्यापारी वादांपुरता. इतर वाद सरकारनं अधिसूचना काढली तरच. शिवाय सरकारी पक्षानं करारावर सही करण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची लेखी संमती लागते. डाकसेवकाची तूट व्यापारी वादात कशी बसवणार? त्यासाठी अधिसूचना लागेल, आणि तिच्यात कागद देण्याची सक्ती आणि मध्यस्थाचा खर्च तिसऱ्या हातातून, या दोन ओळी हव्यात.

ती निघेपर्यंत शाखा डाकपालांनी एवढं करावं: यंत्राच्या नोंदीसोबत रोजची रोकड हातानं वहीत लिहावी, आणि तूट भरावी लागलीच तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं लेखी देऊन त्याच दिवशी पोच घ्यावी.