जत्रेतला तमाशा रेकॉर्ड करायला जाताय?

सातारा-सांगलीकडच्या जत्रेत तमाशा रेकॉर्ड करणार असाल तर आधीच लक्षात घ्या, इथे रिटेक नाही. वगातले संवाद बरेचदा जागेवरच सुचतात. कवलापूरच्या काळू-बाळूंनी गाजवलेली सोंगाड्याची परंपरा हीच. आजचा विनोद उद्या तसाच येईल असं नाही, आणि आपला डेटा तर तोच!

फडमालकाची आणि कलाकारांची परवानगी अर्थातच आधी घ्यायची.

सगळ्यात जास्त फसगत होते ती लेव्हलवर. बोलण्यावर लेव्हल ठरवली की ढोलकी-हलगी सुरू होताच आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि ढोलकीचा जोरदार ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. गणाआधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी रंगते, तीच तुमची साउंड टेस्ट.

नुसत्या मिक्सरच्या लाइनवर विसंबू नका. सोंगाड्या माइकपासून लांब गेला की त्यात ऐकूच येत नाही, पब्लिकच्या शिट्ट्याही नाहीत. दुसरा रेकॉर्डर स्टेजसमोर हवाच. सगळं चालू झालं की कॅमेऱ्याला दिसेल अशी एक टाळी वाजवा, फाइली तिथे जुळवता येतात. रात्रभरात दोन यंत्रांची घड्याळं थोडी सरकतात, म्हणून शेवटीही एक टाळी.