पुण्यालगतचा सह्याद्री: काही गैरसमज

पुण्याच्या पश्चिमेस दिसणारा सह्याद्री हा हिमालयाप्रमाणे भूकवचाला वळ्या पडून उंचावलेला पर्वत आहे, हा समज बराच रूढ असला तरी वस्तुतः तो दख्खनच्या पठाराची झिजत आलेली पश्चिम कड आहे. म्हणूनच कोकणातून पाहता तो सरळ उभी भिंत वाटतो आणि देशावरून पाहता नुसत्या डोंगररांगा दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून लाव्हा वारंवार वाहिला आणि त्याचे थर एकावर एक साचून बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, हे पठार घडले. त्यामुळे तोरणा किंवा सिंहगड यांना ‘विझलेले ज्वालामुखी’ म्हणणे चुकीचे ठरते. मूळच्या सलग पठाराची पाण्याने झीज होताना जे उरले, ते हे डोंगर होत. कठीण थरांचे कडे झाले आणि त्यांमधील मऊ, सच्छिद्र थरांचे उतार.

नद्यांविषयीचा घोटाळाही याच कडेशी निगडित आहे. अरबी समुद्र जवळ असूनही भीमाशंकरला उगवणारी भीमा पूर्वेकडे वळते आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते, कारण पठाराचा उतारच पूर्वेकडे आहे.

घाट जवळ म्हणून पुण्यात पाऊस विपुल, हे अनुमानही टिकत नाही. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाऊस माथ्यावरच पाडतात. त्यामुळे लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असता, जेमतेम ६५ किलोमीटरवरील पुण्यात तो सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. या कोरड्या बाजूस पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

सर्वांत हानिकारक समज मात्र सड्यांविषयीचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट कातळांविषयीचा आहे. उन्हाळ्यात ते उजाड दिसतात, म्हणून त्यांना पडीक ठरवले जाते. प्रत्यक्षात पावसाळ्यात बोटभर मातीत आणि साचलेल्या डबक्यांत सीतेची आसवे व गेंद यांसारख्या वनस्पती उगवतात. नत्राची उणीव भरून काढण्यासाठी यांपैकी सीतेची आसवे सूक्ष्म जीव पकडतात. अशा जागी खड्डे खणून झाडे लावणे, ही सद्हेतूने केलेली मोडतोडच होय. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची, अर्थात ग्लिरिसिडियाची, दाट लागवड झाली. तेथे हिरवाई वाढलेली दिसत असली, तरी उघड्या माळावर घरटी करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांना त्या सावलीचा उपयोग नाही.